घटक ४ : जुन्या म्युझिक प्लेयरमधील आवाज – हस्तांतरण आणि जतन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –

• अंकीय ध्वनीच्या साठवणीतील माध्यम, संकेत, सॉफ्टवेअर आणि परवाना हे चार स्तर वेगळे करून सांगता येतील.
• मिनिडिस्क, एमपी-थ्री प्लेयर आणि आयपॉड ही यंत्रे संगणकाशी कोणत्या पद्धतीने जोडली जात, हे स्पष्ट करता येईल.
• अशा यंत्रांतील ध्वनिमुद्रण मूळ सामग्रीला धक्का न लावता संगणकावर घेता येईल.
• संक्षेपित ध्वनीचा भाषाभ्यासासाठी कितपत उपयोग होतो, हे ठरवता येईल.
• हस्तांतरित सामग्रीची देवनागरीतून व्यवस्थित नोंद ठेवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोलीचे नमुने कसे गोळा करावेत, निवेदकाची निवड कशी करावी आणि ध्वनिमुद्रणापूर्वी कोणती तयारी करावी, यांचा विचार केला. त्या विवेचनात सामग्री अद्याप गोळा व्हायची आहे, असे गृहीत धरले होते. प्रस्तुत घटकात आपण पूर्वीच गोळा झालेल्या सामग्रीकडे वळणार आहोत. ही सामग्री अस्तित्वात आहे. मात्र ती ज्या यंत्रात आहे, ते यंत्र बाजारातून केव्हाच गेले आहे.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिक्षणाकडे परत आलेले आहेत. साधारणपणे २००० ते २०१० या काळात हौसेने घेतलेला एखादा एमपी-थ्री प्लेयर, परदेशातून आलेल्या नातेवाइकाने दिलेला आयपॉड किंवा ध्वनिमुद्रणाची सोय असलेले एखादे छोटे यंत्र आपल्या घरी कपाटात पडून असण्याची शक्यता आहे. त्यात चित्रपटगीतांबरोबर आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या सप्ताहातील कीर्तन, गोंधळ्यांचे कथन किंवा घरातील साध्या गप्पाही असतील. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही मौल्यवान सामग्री होय. त्यातील कित्येक बोलणारी माणसे आज हयात नसतील. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन नमुना घेता येणार नाही. जे काही आहे, ते त्या यंत्रातच आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्र सुरू होते आणि आवाज ऐकू येतो, एवढ्यावरून तो आवाज सुरक्षित आहे असे मानता येत नाही. तो यंत्राबाहेर काढण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर पुष्कळदा यंत्राच्या आधीच निकामी होते. म्हणून यंत्र चालू आहे तोवरच हस्तांतरण केले पाहिजे. ते का आणि कसे, हा या घटकाचा विषय आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ध्वनी, संकेत आणि वाचक

भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या योजनेनुसार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत भारतीय भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. त्या तबकड्यांवरील आवाज आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचू शकला, याचे एक कारण तबकडीच्या रचनेत आहे. तबकडीवरील खाच ही ध्वनिलहरीचीच प्रतिकृती असते. तबकडी योग्य गतीने फिरवली आणि खाचेत सुई ठेवली की आवाज निघतो. तिच्या निर्मात्या कंपनीची परवानगी किंवा तिने दिलेले सॉफ्टवेअर यांची गरज पडत नाही.

अंकीय ध्वनीचे तसे नाही. येथे ध्वनिलहरीचे दर सेकंदाला हजारो वेळा मापन करून ती मापे अंकांच्या रूपात साठवली जातात. सीडीवर हे मापन सेकंदाला ४४,१०० वेळा होते. हे अंक कसे रचले आहेत, त्यातील काय गाळले आहे आणि त्यांपासून पुन्हा ध्वनी कसा तयार करायचा, याचे नियम म्हणजे त्या ध्वनीचा संकेत होय. संकेत ठाऊक नसेल तर समोर असलेले अंक निरर्थक ठरतात.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही स्थिती अपरिचित नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल पाहा. कागद टिकला आहे, शाई दिसते आहे. पण मोडी वाचणारा जाणकार असल्याशिवाय तो कागद बोलत नाही. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी शालेय शिक्षणातून गेली आणि दोन-तीन पिढ्यांतच आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर आपल्याला परके झाले. जुन्या म्युझिक प्लेयरच्या बाबतीत हाच प्रकार दहा-पंधरा वर्षांत घडला आहे.

तेव्हा अशा यंत्राचा विचार करताना पुढील चार स्तर वेगळे ठेवावेत :

१. माध्यम – ज्यावर अंक कोरले किंवा साठवले जातात ती वस्तू. उदा., मिनिडिस्क, फ्लॅश मेमरी, छोटी हार्ड डिस्क.
२. संकेत – अंकांची मांडणी करण्याची रीत. उदा., एमपी-थ्री, एट्रॅक, एएसी.
३. सॉफ्टवेअर – यंत्र आणि संगणक यांच्यात देवाणघेवाण घडवणारा दुवा. उदा., आयट्यून्स, सोनिकस्टेज.
४. परवाना – कोणती फाइल कोणत्या यंत्रावर, किती वेळा नेता येईल याविषयीचे बंधन.

आपली अडचण नेमकी कोणत्या स्तरावर आहे, हे ओळखले म्हणजे उपायही सापडतो. माध्यम बिघडले असेल तर सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. आणि सॉफ्टवेअर मिळत नसेल तर माध्यम फेकून देण्याचे कारण नाही.

४.३.२ यंत्रांची वाटचाल

सोनी या जपानी कंपनीने १९७९ साली कॅसेटचा वॉकमन बाजारात आणला आणि चालता-फिरता संगीत ऐकण्याची सवय जगाला लावली. याच कंपनीने १९९२ साली मिनिडिस्क आणली. चौकोनी प्लॅस्टिकच्या आवरणातील ही लहान चकती चुंबकीय आणि प्रकाशीय अशा संयुक्त तंत्रावर चाले. तिच्यावर ७४ आणि पुढे ८० मिनिटांचे ध्वनिमुद्रण होत असे. ध्वनी एवढ्या लहान जागेत बसावा म्हणून ‘एट्रॅक’ हा संकेत वापरून त्याचे आकारमान सीडीच्या सुमारे एकपंचमांश केले जाई. खिशात मावणारा आणि बाहेरचा मायक्रोफोन जोडता येणारा मिनिडिस्क रेकॉर्डर जगभरातील क्षेत्रीय भाषावैज्ञानिकांच्याही पसंतीस उतरला होता.

दुसरीकडे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनाचा मोठा वाटा असलेला एमपी-थ्री हा संकेत १९९० नंतरच्या दशकात रूढ झाला. १९९८ साली दक्षिण कोरियातील सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आणि अमेरिकेतील डायमंड कंपनीचा ‘रिओ’ हे प्लेयर आले. त्यांची ३२ एमबी क्षमता आज हास्यास्पद वाटेल. नेहमीच्या दर्जाचे जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत त्यात बसे. ॲपल कंपनीने ऑक्टोबर २००१मध्ये ५ जीबी क्षमतेचा आयपॉड सादर केला. त्याच वर्षी जानेवारीत आलेले आयट्यून्स हे सॉफ्टवेअर त्याचा अविभाज्य भाग बनले. विंडोजसाठीचे आयट्यून्स २००३ साली आले आणि त्यानंतर आयपॉडचा खरा प्रसार झाला.

ही सर्व यंत्रे आता इतिहासजमा झाली आहेत. २०१९ साली ॲपलने आपल्या संगणकांवरील आयट्यून्सचे वेगवेगळ्या ॲपमध्ये विभाजन केले आणि २०२२ साली आयपॉडचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. सोनीने मिनिडिस्क प्लेयरचा पुरवठा २०१३ साली आणि कोऱ्या मिनिडिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केले. मायक्रोसॉफ्टच्या २००६ साली आलेल्या ‘झ्यून’ या प्लेयरच्या सेवा २०१५ सालीच संपल्या होत्या.

४.३.३ संगणकाशी जोडणीच्या तीन पद्धती

बाहेरून सारखीच दिसणारी ही यंत्रे संगणकाशी मात्र तीन वेगवेगळ्या पद्धतींनी जोडली जात.

(अ) उघड साठवण : बाजारात मिळणारे अनेक स्वस्त एमपी-थ्री प्लेयर या प्रकारचे होते. यूएसबीला जोडताच ते पेन ड्राइव्हसारखे दिसतात. फाइल उचलायची आणि संगणकावर टाकायची, एवढेच काम असते. तरीही येथे एक अडचण संभवते. यातील काही यंत्रे गाणी एमपी-थ्रीतून वाजवत. परंतु स्वतः केलेले ध्वनिमुद्रण ‘एसीटी’ नावाच्या निराळ्या संकेतात साठवत. ते उघडण्यासाठी यंत्राबरोबरच्या सीडीतील सॉफ्टवेअर लागे आणि ती सीडी आज कोणाकडेच नसते. सुदैवाने ‘एफएफएमपेग’ या मुक्त साधनाला हा संकेत ओळखता येतो.

(आ) संग्रह-पद्धती : आयपॉड हे याचे ठळक उदाहरण. येथे संगणकावरील आयट्यून्समधील संग्रह हा मूळ आणि आयपॉड ही त्याची छाया मानलेली असते. दोहोंचा मेळ घालण्याच्या क्रियेला ‘सिंक’ म्हणतात. मूळ संग्रहात जे नाही, ते सिंक करताना छायेतूनही नाहीसे होते. त्यामुळे जुना संगणक मोडीत निघाल्यावर आयपॉड नव्या संगणकाला जोडला, की नव्या संगणकावरील रिकाम्या संग्रहाशी मेळ घालण्यासाठी यंत्रातील सर्व काही पुसून टाकायचे का, अशी विचारणा होते. घाईत ‘होय’ म्हटले तर संग्रह गेला. पुष्कळांचे आवाज हरवले ते याच एका उत्तरामुळे.

प्रत्यक्षात गाण्यांच्या फाइल आयपॉडमध्येच असतात. मात्र त्या ‘आयपॉड कंट्रोल’ नावाच्या दडवलेल्या फोल्डरमधील ‘म्युझिक’ या उपफोल्डरात, एफ००, एफ०१ अशा कप्प्यांत विखुरलेल्या असतात. फाइलला चार अक्षरांचे अर्थहीन नाव दिलेले असते. कोणते गाणे कोठे आहे, याची नोंदवही वेगळ्या फाइलमध्ये असते. ग्रंथालयातील पुस्तके कपाटात कशीही लावावीत आणि नोंदवहीच्या आधारे शोधावीत, तशी ही व्यवस्था आहे.

(इ) परवाना-पद्धती : सोनीने २००१ साली संगणकाला जोडता येणारी ‘नेटएमडी’ यंत्रे आणली. त्यांच्यासाठी आधी ‘ओपनएमजी ज्यूकबॉक्स’ आणि नंतर ‘सोनिकस्टेज’ हे सॉफ्टवेअर होते. संगणकावरील गाणे मिनिडिस्कवर नेणे म्हणजे ते ‘बाहेर देणे’ आणि परत आणणे म्हणजे ‘जमा करणे’, अशी त्यामागील कल्पना होती. एक गाणे एका वेळी तीनदाच बाहेर देता येई. संगीताची अनिर्बंध नक्कल होऊ नये, हा त्यामागील हेतू. परंतु आपण मायक्रोफोन लावून केलेले स्वतःचे ध्वनिमुद्रणही नेटएमडी यंत्रातून संगणकावर नेण्याची सोय सोनिकस्टेजने दिली नाही. मार्ग एकेरी होता. २००४ साली आलेल्या ‘हाय-एमडी’ यंत्रांत ही सोय मर्यादित स्वरूपात मिळाली आणि २००६ सालच्या ‘एमझेड-आरएच१’ या एकाच प्रतिमानाने जुन्या मिनिडिस्कवरील ध्वनिमुद्रणही संगणकावर नेता येऊ लागले.

लक्षात घ्या, नेटएमडीच्या बाबतीत माध्यम शाबूत आहे, संकेतही ज्ञात आहे. अडसर परवान्याच्या स्तरावर आहे. शिवाय नेटएमडीचे मूळ ड्रायव्हर ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेले होते. आजच्या ६४-बिट विंडोजवर ते चालत नाहीत. म्हणजे परवान्याला सॉफ्टवेअरच्या स्तरावरील अडचणीची जोड मिळाली आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) आयपॉड नव्या संगणकाला जोडताना सामग्री नष्ट होण्याचा धोका का असतो?
(आ) नेटएमडी यंत्रातील स्वतःचे ध्वनिमुद्रण संगणकावर न येण्यामागील अडसर कोणत्या स्तरावरील होता?

४.३.४ आवाज बाहेर काढण्याची रीत

पुढील क्रम पाळल्यास नुकसानीचा धोका बराच कमी होतो.

१. यंत्राची पाहणी : दीर्घकाळ पडून राहिलेल्या यंत्रातील पेन्सिल सेल पाझरलेले असू शकतात, ते काढून टाकावेत. आतील बॅटरी फुगून यंत्राचे आवरण वर आलेले दिसल्यास ते चार्जिंगला लावू नये. जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावे. मिनिडिस्कच्या कडेला पुसले जाण्यापासून संरक्षण देणारी छोटी खिट्टी असते. ती आधी सरकवून संरक्षण चालू करावे.

२. सिंक बंद करणे : आयपॉड जोडण्यापूर्वी आयट्यून्सच्या प्राधान्यक्रमात जाऊन आपोआप सिंक होण्यास मनाई करणारा पर्याय निवडावा. विंडोजवर यंत्र जोडताना शिफ्ट आणि कंट्रोल या कळा दाबून धरल्यासही सिंक टळते. मॅक संगणकावर तयार केलेला आयपॉड विंडोजला जोडल्यास ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा संदेश येऊ शकतो. या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘नाही’ असेच द्यावे. फॉरमॅट करणे म्हणजे पाटी पुसणे.

३. संपूर्ण प्रत घेणे : दडवलेले फोल्डर दाखवण्याचा पर्याय सुरू करून ‘म्युझिक’ हे फोल्डर जसेच्या तसे संगणकावर उतरवावे. आयपॉडला मायक्रोफोन जोडून केलेले ध्वनिमुद्रण ‘रेकॉर्डिंग्ज’ या वेगळ्या फोल्डरात सापडते, तेही घ्यावे. या टप्प्यावर निवड करत बसू नये. आधी सर्व उतरवावे, निवड नंतर करावी. आयपॉड टच या प्रकाराची रचना मोबाइलसारखी असल्याने त्याला ही रीत लागू पडत नाही.

४. मुक्त साधनांचा शोध : मूळ सॉफ्टवेअर चालत नसेल तेथे स्वयंसेवी तंत्रज्ञांनी तयार केलेली साधने उपयोगी पडतात. ‘वेब मिनिडिस्क’ हे असेच एक साधन असून ते ब्राउझरमधून नेटएमडी यंत्राशी संपर्क साधते. त्याच्या विस्तारित आवृत्तीत काही यंत्रांतील ध्वनिमुद्रण संगणकावर घेण्याचीही सोय आहे.

५. शेवटचा मार्ग – वाजवून मुद्रित करणे : कोणताच उपाय चालला नाही, तरी यंत्र वाजते आहे तोवर आशा आहे. हेडफोनच्या छिद्रातून ३.५ मिमीची केबल काढून ती संगणकाच्या ध्वनी-प्रवेशाला जोडावी आणि ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरने ध्वनिमुद्रण करावे. लॅपटॉपला असा प्रवेश नसल्यास यूएसबीवर चालणारे छोटे साउंड कार्ड मिळते. प्लेयरमधील ‘बास’ वाढवणारे आणि आवाज घुमवणारे सर्व परिणाम बंद ठेवावेत. आवाजाची पातळी अशी ठेवावी, की मोठ्यात मोठा उच्चारही मापकाच्या टोकाला जाऊन फाटणार नाही. येथे ७४ मिनिटांच्या चकतीला ७४ मिनिटेच लागतात. मात्र या मार्गाला परवाना लागत नाही आणि मूळ सॉफ्टवेअरही लागत नाही. शिवाय ते सर्व ऐकत बसावे लागते. बोलीच्या अभ्यासकाला हा वेळ वाया गेला असे वाटण्याचे कारण नाही.

४.३.५ संक्षेपण आणि भाषाभ्यास

सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा द्विमार्गी ध्वनी सुमारे १० एमबी जागा घेतो. १२८ केबीपीएस दराच्या एमपी-थ्रीत तोच मिनिट सुमारे १ एमबीमध्ये बसतो. मोठ्या आवाजाच्या आड दडणारे क्षीण ध्वनी माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत, या तत्त्वाच्या आधारे ते गाळले जातात. एकदा गाळलेला अंश पुन्हा मिळत नाही.

मग अशी सामग्री भाषाभ्यासाला चालेल काय? याचे उत्तर आपण काय अभ्यासणार यावर अवलंबून आहे. शब्दसंग्रह, रूपव्यवस्था, वाक्यरचना, ओवीचा पाठ, कथनाची शैली यांसाठी ती पुरेशी आहे. प्रत्यक्ष ध्वनीच्या भौतिक गुणांचे मापन करायचे असेल तर सावध राहावे लागते. मराठीत ‘चिमणी’ आणि ‘चूल’ या शब्दांतील ‘च’ लिपीत एकच असला तरी उच्चारात दोन आहेत. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. या दोहोंतील फरक बराचसा घर्षणाच्या उच्च वारंवारतेत असतो आणि भरमसाट संक्षेपणात नेमक्या त्याच भागाची हानी होते. कानाला फरक कळेल. पण त्या ध्वनीचे आलेख काढून त्यावर सूक्ष्म निष्कर्ष उभारू नयेत. मिनिडिस्कवर जास्त वेळ मावावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या दीर्घ-मुद्रण पद्धतीत हा धोका वाढतो.

यातून दोन नियम निघतात. पहिला, मूळ फाइल आहे त्या संकेतातच जपून ठेवावी. दुसरा, एमपी-थ्रीची पुन्हा एमपी-थ्री करू नये. प्रत्येक फेरीत काही ना काही गाळले जाते. संपादन करायचे असल्यास ‘डब्ल्यूएव्ही’ या असंक्षेपित रूपात काढलेल्या प्रतीवर करावे. असे रूपांतर केल्याने गेलेला अंश परत येत नाही. फक्त पुढील हानी टळते.

४.३.६ नावे, लिपी आणि नोंद

हस्तांतरण झाल्यावर खरे भाषिक काम सुरू होते. जुन्या प्लेयरांच्या पडद्यावर देवनागरी नीट दिसत नसे. तिच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन उमटत. गाण्याची माहिती फाइलमध्येच साठवण्याच्या जुन्या पद्धतीत शीर्षकाला केवळ ३० अक्षरांइतकी जागा होती आणि लिपीचा विचारच नव्हता. त्यामुळे बहुतेकांनी नावे रोमन अक्षरांत लिहिली.

रोमन लेखनात मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ स्वर, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’ हे भेद सर्रास पुसले जातात. के, ए, एल या तीन रोमन अक्षरांनी लिहिलेले नाव ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ यांपैकी कोणताही शब्द असू शकते. बी, ए, एल असे लिहिले तर ते ‘बाळ’, ‘बाल’, ‘बळ’ की ‘बल’, हे ध्वनिमुद्रण ऐकल्यावाचून ठरत नाही. आज ते ऐकून ठरवता येईल असा कोणीतरी घरात आहे. म्हणून नोंद आजच करावी.

प्रत्येक फाइलसाठी पुढील बाबी देवनागरीत, युनिकोडमध्ये लिहाव्यात : बोलणाऱ्याचे नाव (किंवा त्याची इच्छा नसल्यास सांकेतिक क्रमांक), अंदाजे वय, गाव व तालुका, बोली, माहेर-सासर यांमुळे झालेले स्थलांतर, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, प्रसंग, मूळ यंत्र, मूळ संकेत आणि हस्तांतरणाची पद्धत. शेवटच्या तीन बाबी विद्यार्थी हटकून वगळतात. पुढच्या अभ्यासकाला मात्र एखादा ध्वनी बोलणाऱ्याच्या तोंडचा आहे की यंत्राने बिघडवलेला, हे त्यांवरूनच ठरवावे लागते.

सामग्रीच्या किमान दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा तरी त्या उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे सांगता येत नाही.

४.३.७ हक्क आणि संमती

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७च्या कलम ५२नुसार खाजगी वापर आणि संशोधन यांसाठी कलाकृतीचा न्याय्य उपयोग करता येतो. २०१२च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६५-क हे हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा मानते. स्वतः केलेले ध्वनिमुद्रण स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवून घेणे आणि विकत घेतलेल्या गीतसंग्रहाच्या प्रती वाटणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. घरातील आवाजाबाबतही संमतीचा प्रश्न उरतोच. आजीने नातवासमोर म्हटलेली ओवी तिने जगासमोर म्हटलेली नसते. बोलणारी व्यक्ती हयात असल्यास तिला आणि नसल्यास कुटुंबीयांना विचारूनच ती सामग्री इतरांना द्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) संक्षेपित ध्वनी कोणत्या प्रकारच्या अभ्यासासाठी अपुरा पडतो?
(आ) नोंदीत मूळ यंत्र व संकेत यांचा उल्लेख का करावा?

४.४ सारांश

जुन्या म्युझिक प्लेयरमधील आवाज हा माध्यम, संकेत, सॉफ्टवेअर आणि परवाना अशा चार स्तरांवर अवलंबून असतो. उघड साठवणीच्या यंत्रांतून तो सहज उतरवता येतो. आयपॉडसारख्या संग्रह-पद्धतीच्या यंत्रांत सिंकमुळे तो पुसला जाण्याचा धोका असतो. नेटएमडीसारख्या परवाना-पद्धतीत मार्गच एकेरी ठेवलेला होता. आधी संरक्षण, मग संपूर्ण प्रत, मग निवड हा क्रम पाळावा. सर्व उपाय थकल्यास वाजवून मुद्रित करण्याचा मार्ग उरतो. तोही यंत्र वाजत आहे तोवरच. उतरवलेल्या सामग्रीची देवनागरीतून नोंद झाल्याशिवाय जतनाचे काम पूर्ण होत नाही.

४.५ पारिभाषिक शब्द

संकेत – ध्वनीचे अंकांत आणि अंकांचे ध्वनीत रूपांतर करण्याची नियमबद्ध रीत.
संक्षेपण – काही अंश गाळून फाइलचे आकारमान कमी करणे.
हस्तांतरण – एका माध्यमातील सामग्री दुसऱ्या माध्यमावर नेणे.
सिंक – संगणकावरील संग्रह आणि यंत्रातील सामग्री यांचा मेळ घालणे.
बिटरेट – एका सेकंदाच्या ध्वनीसाठी वापरलेल्या अंकांचे प्रमाण. ते ‘केबीपीएस’मध्ये सांगतात.
निवेदक – ज्याच्याकडून बोलीचा नमुना मिळतो ती व्यक्ती.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) सिंक करताना संगणकावरील संग्रह मूळ मानला जातो, नव्या संगणकावरील संग्रह रिकामा असल्याने यंत्रातील सामग्री पुसली जाऊ शकते. (आ) परवान्याच्या स्तरावरील.
प्रश्न २ : (अ) ध्वनीच्या भौतिक गुणांच्या, विशेषतः घर्षणयुक्त ध्वनींच्या सूक्ष्म मापनासाठी. (आ) एखादे ध्वनिवैशिष्ट्य बोलणाऱ्याचे आहे की यंत्रामुळे व संक्षेपणामुळे आलेले, हे पुढील अभ्यासकाला ठरवता यावे म्हणून.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘माध्यम टिकले म्हणजे सामग्री टिकली असे नाही.’ मोडी कागदपत्रे आणि अंकीय ध्वनी यांची तुलना करून हे विधान स्पष्ट करा.
२. संगणकाशी जोडणीच्या तीन पद्धतींमधील फरक उदाहरणांसह लिहा.
३. टिपा लिहा : (अ) वाजवून मुद्रित करण्याची पद्धत (आ) रोमन नावांमुळे होणारा संदेह.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरी, शेजारी किंवा गावातील भजनी मंडळाकडे असलेल्या एखाद्या जुन्या ध्वनियंत्राचा शोध घ्या. संबंधितांच्या संमतीने त्यातील किमान दहा मिनिटांचे बोलीतील ध्वनिमुद्रण उतरवून घ्या. त्याची ४.३.६मध्ये दिल्याप्रमाणे नोंद करा. ध्वनिमुद्रणातील ज्या शब्दांचा अर्थ आपल्याला लागत नाही, त्यांची यादी करून ती गावातील ज्येष्ठांना ऐकवा आणि त्यांनी सांगितलेले अर्थ लिहून घ्या. काम सुरू करण्यापूर्वी खिट्टी सरकवली आहे आणि सिंक बंद आहे, याची खात्री करण्यास विसरू नका.